अर्ज १४०, रुजू एकही नाही

प्रश्न : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझे टर्निंगचे छोटे वर्कशॉप आहे. तीन सीएनसी (संगणकावर चालणारे) लेथ आणि आम्ही एकूण १४ माणसे. जुना ऑपरेटर गावी परतल्यापासून, म्हणजे गेले दोन महिने, एक यंत्र दुसऱ्या पाळीत बंदच असते. नोकरीच्या एका संकेतस्थळावर पैसे भरून जाहिरात दिली. १४० अर्ज आले, पण बहुतेक अर्जदार लेथवर कधी उभेही न राहिलेले. सहा जणांना बोलावले, तिघे आले, एकाची निवड केली आणि तोही रुजू झाला नाही. जाहिरात अशी होती : ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे. अनुभवी व होतकरू. पगार योग्यतेनुसार.’ लहान उद्योजकाने लायक माणूस ऑनलाइन शोधावा तरी कसा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली अडचण खरी आहे, बंद यंत्राचा हप्ता काही थांबत नाही. तरीही माझ्या मते दोष संकेतस्थळापेक्षा जाहिरातीत अधिक आहे. ‘अनुभवी व होतकरू’ हे शब्द वाचून आपण पात्र नाही असे कोणालाच वाटत नाही, म्हणून अर्जांचा पाऊस पडतो. आणि ‘पगार योग्यतेनुसार’ हे वाचून ज्याला आज बऱ्यापैकी पगार मिळतो आहे तो कुशल ऑपरेटर पुढे वाचतच नाही. म्हणजे नको ते आत येतात आणि हवा तो बाहेर राहतो.

जाहिरात अशी लिहून पाहा : ‘अंबड येथे सीएनसी टर्निंग ऑपरेटर हवा. फॅनक कंट्रोलवर किमान दोन वर्षे काम; ऑफसेट स्वतः घेता यावा; मायक्रोमीटर वाचता यावा. आयटीआय टर्नर किंवा मशिनिस्टला प्राधान्य. दुसरी पाळी. पगार १८,००० ते २०,००० रुपये, ओव्हरटाइम वेगळा, ईएसआय लागू. कोणतेही शुल्क घेतले जात नाही.’ (फॅनक हा सीएनसी यंत्राच्या नियंत्रकाचा एक ब्रँड; ऑफसेट म्हणजे यंत्रात भरायची मापाची दुरुस्ती.) पगाराचे आकडे अर्थातच आपले घालावेत, पण घालावेत हे नक्की. ईएसआयचा, म्हणजे कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार देणाऱ्या कर्मचारी राज्य विमा योजनेचा, उल्लेख मी मुद्दाम केला आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला ती योजना लागू होते. घरात आजारी आई-वडील असलेल्या माणसाला हा शब्द फार मोलाचा वाटतो, आणि अनेक लहान मालक तो लिहायलाच विसरतात. शुल्काचे वाक्यही अनावश्यक समजू नये. नोंदणी फीच्या नावाखाली फसवली गेलेली मुले आता अनोळखी कंपनीचा फोन आला की आधी साशंक होतात. गुगल मॅप्सवर वर्कशॉपचे नाव, पत्ता आणि शॉप फ्लोअरचे दोन खरे फोटो असले, तर ही शंका बरीच कमी होते. ‘फक्त पुरुष’ असे लिहू नये. भरतीत लिंगभेद करण्यास वेतन संहिता, २०१९ मनाई करते, आणि सीएनसीवर उत्तम काम करणाऱ्या स्त्रियाही आहेत.

जाहिरात कोठे द्यावी, याचे उत्तर थोडक्यात देतो. केंद्र सरकारचे २०१५ साली सुरू झालेले नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचे महास्वयम् या दोन्ही ठिकाणी मालकाला विनाशुल्क नोंदणी करता येते. यंत्रावरच्या कामासाठी अपना, वर्क इंडिया यांसारखी मोबाइल ॲप्स अधिक जवळची. लिंक्डइन आपल्याला अभियंता किंवा हिशेबनीस हवा असेल तेव्हा पाहावे. जाहिरात मराठीत आणि हिंदीत, दोन्ही भाषांत द्यावी.

खरी चाळणी फोनवर होते. प्रत्येक योग्य वाटणाऱ्या अर्जदाराला त्याच दिवशी फोन करावा, कारण चांगला ऑपरेटर चार दिवस मोकळा राहत नाही. एकच प्रश्न विचारावा : ‘बाहेरचा व्यास ०.०३ मिमी जास्त येतोय, काय कराल?’ ज्याने काम केले आहे तो लगेच सांगेल की, वेअर ऑफसेटमध्ये (हत्याराच्या झिजेसाठीच्या दुरुस्तीत) एक्सला, म्हणजे व्यासाच्या दिशेला, उणे ०.०३ देईन; काही जण तर आधी इन्सर्ट (हत्याराचे कापणारे टोक) झिजला आहे का ते पाहीन, असेही म्हणतील, आणि तो माणूस मी सोडणार नाही. ज्याने काम केलेले नाही, तो प्रमाणपत्रांविषयी बोलू लागेल. अशा पाच-पाच मिनिटांच्या बोलण्यातून १४० अर्जांचे आठ-दहा उरतील. त्यांना बोलावून हातात ड्रॉइंग, मायक्रोमीटर आणि तयार जॉब (लेथवर घडवलेला भाग) द्यावा व मापे लिहून घ्यावीत. यंत्रावर तासभराहून अधिक काम करून घेतले, तर त्या दिवसाची मजुरी द्यावी. आयटीआयचे प्रमाणपत्र शक्यतो डिजिलॉकरमधूनच पाहावे. आधार व पॅनच्या प्रती मात्र निवडीपूर्वी व्हॉट्सॲपवर मागवू नयेत. माणसाची वैयक्तिक माहिती जपण्याची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे.

निवडलेला माणूस रुजू का झाला नाही, याचा अंदाज आपल्या पत्रावरून करता येत नाही, पण ‘कळवतो’ म्हणून पाठवलेला माणूस दुसरीकडे जातो हे मी वारंवार पाहिले आहे. निवड झाली त्याच दिवशी पगार, पाळी आणि रुजू होण्याची तारीख लिहिलेले नेमणूक पत्र मोबाइलवर पाठवावे. रात्री दुसरी पाळी सुटल्यावर तो घरी कसा जाणार, हेही विचारावे. अनेकदा नकाराचे कारण तेवढेच असते.

एका माणसावर यंत्र अवलंबून राहू नये, यासाठी शिकाऊ उमेदवार घ्यावा. चार ते २९ कामगार असलेल्या आस्थापनेला तो घेणे ऐच्छिक आहे, आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपये महिना, एवढा वाटा केंद्र सरकार उचलते. त्यासाठी योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करावी आणि सातपूरच्या शासकीय आयटीआयमधील टर्नर विभागाच्या निदेशकांना एकदा प्रत्यक्ष भेटावे. वर्गात कोणाचा हात चांगला चालतो, हे त्यांना नेमके ठाऊक असते.