जुना लेथ : झीज कुठे, किती आणि ती मोजायची कशी

प्रश्न : सहा फुटी जुना लेथ घेतला आहे. बेडवर (ज्यावर टूल सरकतं त्या लांब पायावर) चकाजवळ (जॉब धरणाऱ्या जबड्याजवळ) नखाला कड लागते. बेड ग्राइंड करून घ्यावा का? (इचलकरंजी)

आधी मोजा, मग ठरवा. सॅडलचं, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाचं, बहुतेक काम चकाजवळच्या फूट-दीड फुटात होतं, त्यामुळे झीज तिथेच असते आणि पुढच्या व्हीवर (तुमच्या बाजूच्या, उलट्या व्ही आकाराच्या मार्गावर) जास्त असते. टेलस्टॉक (चकासमोरून जॉबला आधार देणारा भाग) मात्र त्या भागात क्वचितच येतो. ज्या लेथला टेलस्टॉकच्या पट्ट्या वेगळ्या, आतल्या बाजूला असतात, तिथे त्या जवळजवळ कोऱ्या राहतात. मोजायला आधार त्यांचाच घ्या.

डायलचा (सूक्ष्म फरक दाखवणाऱ्या घड्याळाचा) मॅग्नेट सॅडलवर लावा आणि टोक आतल्या सपाट पट्टीवर टेकवा. टेलस्टॉकच्या बाजूला शून्य करून सॅडल चकाकडे आणा. दर 50 मिमीला थांबून आकडा लिहा. मग बेड लेव्हल असल्याची खात्री करून, क्रॉस स्लाइडवर (सॅडलवरच्या आडव्या सरकणाऱ्या भागावर) आडवी, बुडबुड्याची लेव्हल ठेवून तोच प्रवास पुन्हा करा.

ही दुसरी फेरी जास्त महत्त्वाची आहे. सॅडल 0.1 मिमी सरळ खाली बसला, तरी 25 मिमीच्या जॉबच्या व्यासात एका मायक्रॉनचाही फरक पडत नाही. पण पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा 0.1 मिमी खाली गेली, तर टूल तुमच्याकडे कलतं. बेडपासून सेंटरची उंची 170 मिमी आणि सॅडलच्या पुढच्या-मागच्या मार्गांतलं अंतर 300 मिमी धरलं, तर टूल सुमारे 0.057 मिमी जॉबपासून दूर सरतं. म्हणजे व्यास 0.11 मिमीने वाढतो. नखाला लागणारी कड यातलं काहीच सांगत नाही.

ग्राइंडिंगची खरी अडचण नंतर सुरू होते. बेडवरून 0.3 मिमी काढले की सॅडल आणि त्याखालचा एप्रनही (फीडचे गिअर असलेली पेटी) तेवढाच खाली येतो. हाफ नट (आटे पाडताना सॅडल ओढणारं दुभंगलेलं नट) लीडस्क्रूला खाली ओढतं, फीड रॉड अडकतो आणि रॅक-पिनियनचा मेळ बिघडतो. म्हणून सॅडलखाली टर्साइटची (कमी घर्षणाच्या प्लास्टिकची) पट्टी चिकटवून, स्क्रेप करून (हाताने खरवडून) उंची परत आणावी लागते, आणि टेलस्टॉकलाही शिम (पातळ पत्रा) द्यावी लागते. हे सगळं करून देणारा कारागीर असेल तरच बेड ग्राइंडिंगला पाठवा. पिना, बुश, दुरुस्तीची कामं एवढंच करायचं असेल आणि नेहमीच्या लांबीत व्यासाचा फरक 0.03 ते 0.04 मिमी येत असेल, तर बेडला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एमरी पेपरने कड घासणं तर कधीच नको.

प्रश्न : चकात धरलेला बार मोकळ्या टोकाला 0.06 मिमी जाड येतो. टेलस्टॉक सरकवून पाहिला, फरक पडत नाही. (नाशिक)

बारला टेलस्टॉकचा आधारच नाही, तर फरक पडणार कसा? इथे दोन शक्यता आहेत : बार टूलच्या दाबाने वाकतो, किंवा बेडला पीळ आहे. आधी पहिली बाद करा. 40 ते 50 मिमीचा बार चकाबाहेर 150 मिमी काढा, मधला भाग खाली उतरवा आणि दोन्ही टोकांना 20 मिमी रुंद कॉलर ठेवा. धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने 0.1 मिमीचा शेवटचा कट घ्या. क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्ही कॉलर एकाच कटात काढा आणि मायक्रोमीटरने मोजा.

मोकळं टोक अजूनही जाड येत असेल, तर मीटरला 0.02 मिमी दाखवणारी लेव्हल क्रॉस स्लाइडवर आडवी ठेवा. सॅडल दोन्ही टोकांना नेऊन बुडबुडा एकाच जागी थांबतो का ते पाहा. बेड पृथ्वीला समांतर असण्याला फारसं महत्त्व नाही, तो पिळलेला नसावा एवढंच. टेलस्टॉककडच्या पायांपैकी पुढच्या, म्हणजे तुमच्या बाजूच्या पायाखाली 0.05 मिमीची शिम घाला, बोल्ट आवळा आणि पुन्हा कट घ्या. चकाकडचं टोक जाड असेल तर शिम मागच्या पायाखाली. चार-आठ दिवसांनी पुन्हा तपासा, कारण पाया बसतो. हेडस्टॉकचे (चक फिरवणाऱ्या डोक्याचे) बोल्ट एवढं सगळं झाल्यावरच सोडायचे.

प्रश्न : चकाला हलवलं की खडखड जाणवते. बेअरिंग गेलं का? (सांगली)

चकावर डायल लावून निष्कर्ष काढू नका. डायलचा मॅग्नेट हेडस्टॉकच्या बॉडीवर आणि टोक स्पिंडलच्या (ज्यावर चक बसतो त्या दांड्याच्या) नाकावर ठेवा. चकाखाली लाकडी दांडा घालून बेताने उचला. सुई चटकन उडी मारून थांबली तर ती ढिलाई आहे. जोर वाढवाल तशी हळूहळू सरकत राहिली तर तो बॉडीचा ताण. गनमेटल बुशला तेलासाठी 0.02 ते 0.04 मिमी जागा हवीच. टेपर रोलर बेअरिंग आवळलं, तर अर्धा तास चालवून हात लावा. कोमट चालेल, पण हात ठेववत नसेल तर सैल करा.

प्रश्न : ड्रिल नेहमी भोक मोठं पाडतं. (कोल्हापूर)

बहुधा टेलस्टॉकचा तळ झिजून तो खाली गेला आहे, आणि नाकही खाली झुकलं आहे. दोन सेंटरमध्ये 300 मिमीची टेस्ट बार धरा. सॅडलवरचं डायल तिच्या वरच्या अंगावर फिरवा. टेलस्टॉकचं टोक 0.02 ते 0.03 मिमी वर असलेलं चांगलं, खाली असलेलं नको. मग क्विल (टेलस्टॉकची बाहेर सरकणारी नळी) पूर्ण बाहेर काढून तिच्यावरूनही डायल फिरवा, म्हणजे झुकाव कळेल. शिम बेस आणि बॉडीच्या मध्ये, झुकलेल्या बाजूला जाड घाला.