बिरहा आणि नेपाळी सारंगी एकाच मंचावर: साउंडची तयारी

शिरोली एमआयडीसी आणि इचलकरंजीत कामाला आलेल्या गायक-वादकांची दरमहा मैफल करायची, पहिल्यांदा भोजपुरी बिरहा (कथा गाऊन सांगणारं लोकगायन) आणि नेपाळी सारंगी, तर साउंड कसा लावावा, असं तुम्ही विचारलंय.

सारंगी आधी घ्या. बिरह्याच्या दणक्यानंतर तिचा नाजूक आवाज कानात शिरत नाही. चार तारा, एकाच लाकडात कोरलेलं अंग, खालच्या पोकळीवर ताणलेलं कातडं. कंडेन्सर माइक (नाजूक आवाजही टिपणारा) कातड्यापासून वीतभर लांब, गज आपटणार नाही असा तिरका ठेवा. मॉनिटर, म्हणजे कलाकाराला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, माइकच्या बरोबर पाठीकडे हवा, नाहीतर शिटी मारतो. हार्मोनियमसोबत वाजवायचं असेल तर पट्टी आधी विचारा. हार्मोनियम हलत नाही, सारंगीच जुळवून घ्यावी लागते.

बिरह्यातली करताल म्हणजे चिपळ्या नव्हेत. निमुळत्या लोखंडी कांड्या, एकेका हातात दोन. आवाज फार टोकदार. तिला वेगळा माइक दिलात तर शब्द बुडाले, आणि बिरह्यात कथा असते, शब्द गेले की सगळंच गेलं. गायकाच्या माइकमधून येते तेवढी पुरे. तीही जास्त वाटली तर माइक तोंडापासून चार बोटांवर आणून गेन (मिक्सरवरची माइकची पातळी) कमी करा. ढोलकला दोन्ही पुड्यांवर एकेक डायनॅमिक माइक (दणकट, मोठा आवाज झेलणारा).

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेनं कातडं सैल पडून ढोलक उतरते, मंचावरचे दिवे तापले की पुन्हा चढते. म्हणून दिवे लावून वीस मिनिटांनीच सूर लावा. हीटरजवळ मात्र धरू नका, पुडीला आतून लावलेला मसाला (लेप) सुटतो.

लाउडस्पीकर रात्री 10 ला बंद करावा लागतो आणि दुसरी पाळी त्यानंतर सुटते. तेव्हा कलाकारांच्या साप्ताहिक सुट्टीचा वार धरा, सहाला सुरुवात, साडेतीनला साउंड चेक. दिवसाची मजुरी बुडत असेल तर ती मानधनात धरू नका, वेगळी द्या. सुरुवातीला कोल्हापुरातल्या दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन बरं.

पत्रिकेवर ‘परप्रांतीय कामगार’ असं कृपया छापू नका. राजस्थानातल्या उणियाऱ्याहून आलेल्या गायक अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापूरनं आपलं मानलं. नाव, वाद्य, गाव एवढंच लिहा, आणि बिरह्याची कथा गाण्याआधी निवेदकानं तीन-चार वाक्यांत मराठीत सांगावी.