वाचक विचारतात: अंदमानातले चव्वेचाळीस

या खेपेच्या टपालात तीन पत्रं एकाच सुताची निघाली, म्हणून तिन्ही एकदम घेते. देवळाच्या जमिनीचा वाद आणि आडनावांची पत्रं पुढच्या अंकात. त्या वाचकांनी कृपया रागावू नये.

प्रश्न: दिवाळीत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची अंदमान सहल झाली. सेल्युलर जेल, ध्वनिप्रकाश कार्यक्रम, सगळं पाहिलं. एके ठिकाणी चालकाने गाडी थांबवली आणि म्हणाला, हे हम्फ्रेगंज, इथे जपान्यांनी ४४ जणांना मारलं. आमच्या सहलप्रमुखांना त्यापुढे एक वाक्य सांगता येईना. सावरकरांच्या कोठडीसमोर तासभर रांग आणि इथे पाच मिनिटं, हे मनाला लागलं. ही माणसं कोण होती? नेरूळला घरी बसून, इंग्रजी बेताचं असताना, मला यात काही शोधता येईल का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर: येईल. या कामाला वेळ लागतो आणि एक दोनशे पानी वही लागते. तुम्ही निवृत्त आहात, म्हणजे निम्मं भांडवल हातात आहे.

आधी हकिकत. २३ मार्च १९४२ ला जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरलं. इंग्रजांची फौज आधीच निघून गेली होती, त्यामुळे लढाई अशी झालीच नाही. पुढे युद्ध संपेपर्यंत बेटं जपानी आरमाराच्या ताब्यात राहिली. तिथे इंडियन इंडिपेंडन्स लीगची, म्हणजे परदेशातल्या भारतीयांच्या इंग्रजविरोधी संघटनेची, शाखा निघाली. डॉ. दिवाण सिंग, पेशाने डॉक्टर आणि पंजाबीतले कवी, तिचे पुढारी. म्हणजे हे लोक इंग्रजांविरुद्ध जपान्यांच्या बाजूने उभे राहिलेले होते, हे ध्यानात ठेवा.

मग संशयाचं भूत शिरलं. आसपासच्या समुद्रात जपानी जहाजं बुडत होती आणि खबर बेटावरूनच बाहेर जाते असं जपान्यांनी धरलं. गंमत अशी, की इंग्रजांचे हेर बेटावर खरोखरच उतरले होते. युद्धाआधी तिथेच पोलीस अधिकारी असलेला डेनिस मॅकार्थी जानेवारी १९४३ मध्ये पाणबुडीतून येऊन जंगलात वावरून गेला. तो सापडला नाही. सापडले ते गावातले कारकून, शिक्षक, डॉक्टर, दुकानदार. सेल्युलर जेल पुन्हा भरलं. छळ करून कबुलीजबाब घ्यायचे आणि त्या जबाबात ज्याचं नाव आलं त्यालाही उचलायचं, असं चक्र सुरू झालं.

आता या तारखा वहीत एकाखाली एक लिहा. ३० डिसेंबर १९४३: नेताजी सुभाषचंद्र बोस पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवतात. त्या दिवशी डॉ. दिवाण सिंग त्याच गावात, सेल्युलर जेलमध्ये यातना सोसत होते. १४ जानेवारी १९४४: दिवाण सिंग त्या छळाने मरण पावतात. ३० जानेवारी १९४४: जेलमधून ४४ जणांना हम्फ्रेगंजला नेऊन गोळ्या घालतात. मारलेले बहुतेक लीगचेच सदस्य.

हे आपल्या कानावर का आलं नाही, याचं माझं उत्तर सरळ आहे. हे ४४ जण कुणाच्याच सोयीचे नाहीत. इंग्रजांशी लढताना मेले म्हणावं, तर मारणारे इंग्रज नव्हते. आझाद हिंदच्या गौरवकथेत बसवावं, तर मारणारा आझाद हिंदचा दोस्त. ज्याला त्याला आपापली कथा नीटनेटकी हवी असते. त्यात ३० जानेवारी ही तारीख चार वर्षांनी गांधीजींच्या हत्येची झाली, आणि देशभर त्या दिवशी मौन पाळतात ते त्यासाठी. एक विनंती मात्र आहे. याचा वापर नेताजींना खाली खेचायला करू नका. त्या दौऱ्यात त्यांच्याभोवती सतत जपानी अधिकारी होते आणि कैद्यांची हाक त्यांच्यापर्यंत पोचली नाही, असंच बहुतेक अभ्यासकांनी लिहिलं आहे. त्यांना किती ठाऊक होतं यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. त्या ४४ जणांची नावं पाठ असलेला एकही वाद घालणारा मला भेटलेला नाही.

तुमचं काम तिथून सुरू करा, नावांपासून. ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० ला तिघांना फाशी झाली, तर अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ही नावं आपल्याकडे शाळकरी पोरालाही सांगता येतात. हम्फ्रेगंजचं नुसतं ‘४४’ होऊन बसलंय.

वहीत रकाने पाडा: नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव किंवा प्रांत, हुद्दा, अटक केव्हा, आणि ही माहिती कुठून मिळाली. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. स्मारकाचे फोटो काढले असतील तर आधी ती नावं उतरवून घ्या, जशीच्या तशी, शुद्धलेखन न सुधारता. मग पुस्तकात किंवा इंटरनेटवर जी यादी मिळेल ती शेजारी वेगळ्या शाईने लिहा. कुठे एकच माणूस दोन नावांनी आलेला दिसेल, कुठे ‘डॉक्टर’ किंवा ‘बाबू’ हे नावाचाच भाग होऊन बसलेलं दिसेल. असं जुळत नाही तिथे खोडू नका, प्रश्नचिन्ह करा. माझी नोकरी रेकॉर्ड रूममध्ये गेली. तिथे फाइल हरवण्यापेक्षा नुकसान व्हायचं ते कुणीतरी हौसेने ‘दुरुस्त’ केलेल्या फायलीचं.

कागद कुठे आहेत? युद्धानंतर इंग्रजांनी सिंगापूरला जपान्यांवर खटले चालवले, १९४६ ते १९४८ या काळात एकूण १३१. त्यांत अंदमान-निकोबारचेही आहेत. कार निकोबारच्या तथाकथित हेरगिरी प्रकरणाचा खटला त्यांतलाच. या सगळ्या खटल्यांचे सारांश इंटरनेटवर खुले आहेत. मूळ फायली लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ २३५’ या क्रमांकाखाली आहेत, आणि तपासाचे कागद ‘डब्ल्यूओ ३२५’ खाली. तिथली सूची घरबसल्या चाळता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आहे, त्यावर अंदमान हा शब्द टाकून बघा. इंग्रजीची धास्ती असेल तर नातवंडाला शेजारी बसवा. मोबाइलवर बोट फिरवण्यात ती पोरं तरबेज असतात, त्याचा काही उपयोग होऊ दे. मराठी पुस्तकांसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. तिथे जाल तेव्हा ऑक्टोबर १९४५ नंतरची वर्तमानपत्रं मागा. बेटांवर जपान्यांनी शरणागती पत्करली ती त्या महिन्यात, आणि बातम्या बाहेर यायला लागल्या त्या त्यानंतर.

साक्ष वाचताना तीन गोष्टी विचारा: सांगणाऱ्याने पाहिलं की ऐकलं, सांगितलं केव्हा, आणि कुणापुढे. १९४६ ला कोर्टापुढे शपथेवर सांगितलेलं आणि पन्नास वर्षांनी सत्काराच्या सभेत सांगितलेलं, दोन्ही ठेवा, पण एका रकान्यात नको. आणखी एक. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान्यांनी शेकडो माणसांना बोटींत भरून हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात लोटलं. ती घटना निराळी. पुष्कळ ठिकाणी दोन्हींची सरमिसळ झालेली दिसते. तिला वहीत स्वतंत्र पानं द्या.

आणि पुढच्या वर्षी संघाची सहल निघाली, तर संयोजकांना आधीच सांगून तासभर राखून घ्या. नावं मोठ्याने वाचायला तेवढा वेळ पुरतो.

प्रश्न: माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्कराच्या इंजिनिअर दलात) भरती झाले होते. ‘सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत गेला तो आलाच नाही’ एवढंच आजी सांगते. घरात एक फोटो आणि एक तार आहे. त्यांचं पुढे काय झालं हे कसं शोधू? (एक वाचक, चरई, ठाणे)

उत्तर: तार आणि फोटो, दोन्हीच्या पाठीमागच्या बाजूचेही फोटो काढून ठेव. लोक पुढची बाजू जपतात आणि शिक्का, क्रमांक, तारीख सगळं मागे असतं. शिपाई क्रमांक मिळाला तर अर्धी लढाई जिंकलीस.

मग राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचं संकेतस्थळ उघड. ज्यांची समाधी सापडली नाही अशा २४,००० हून अधिक जणांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर कोरलेली आहेत, त्यांत भारतीय पुष्कळ. तिथे आडनावावर विसंबू नकोस. आपल्या शिपायांच्या नोंदी कधी पहिल्या नावाने, कधी वडिलांच्या नावाने केलेल्या असतात, आणि स्पेलिंग त्या त्या कारकुनाच्या कानाप्रमाणे. लक्ष्मणचा ‘लुक्सुमन’ही असू शकतो. बऱ्याच नोंदींत शेवटी ‘अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, रत्नागिरी’ असं असतं. म्हणून गावाचं आणि पणजोबांच्या वडिलांचं नाव आजीकडून आजच लिहून घे. यातलं आजीचं काम सगळ्यात तातडीचं, संकेतस्थळ कुठे पळून जात नाही. खडकीच्या केंद्रालाही पत्र टाक. ईमेल नको, पत्र टाक, त्याची आवक नोंद होते.

कैद म्हटलं की एकच जागा डोळ्यांपुढे येते, तसं नव्हतं. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. काही शिपाई आझाद हिंद सेनेत गेले. जे गेले नाहीत त्यांतल्या हजारोंना मजुरीसाठी न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर धाडलं. न्यू गिनीत वेवाकच्या बाजूला नेलेल्यांपैकी फार थोडे परतले. उपास, रोग, बॉम्ब, आणि जपान्यांची क्रूरता. तुझ्या माणसाचं कुठे काय झालं हे तारखेवरून उमगायला लागेल. मृत्यूची तारीख १९४२ च्या सुरुवातीची असेल तर मलायातली (आताच्या मलेशियातली) लढाई धर, १९४३ ते ४५ मधली असेल तर ही बेटं.

मलायाची एक घटना सांगते, कारण ती आपल्याकडे कुणी सांगत नाही. २२ जानेवारी १९४२. परित सुलोंगच्या पुलापाशी अडकलेल्या पलटणीला वाट फुटेना. चालता येणारे दलदलीतून निघाले, जबर जखमी तिथेच मागे राहिले. सुमारे ११० ऑस्ट्रेलियन आणि ४० भारतीय. जपान्यांनी त्या कैद्यांना मारलं आणि प्रेतं पेट्रोल ओतून जाळली. बेन हॅकनी हा ऑस्ट्रेलियन लेफ्टनंट मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिला, पाय मोडलेल्या अवस्थेत रांगत दूर गेला, पुन्हा पकडला गेला, तरी युद्ध संपेपर्यंत जगला. त्याच्या साक्षीमुळे प्रकरण उभं राहिलं. जनरल निशिमुरा ताकुमाला त्यासाठी १९५१ मध्ये फाशी झाली. ऑस्ट्रेलियन कुटुंबांनी आपल्या एकेका माणसाचा माग काढला. बहुतेक वर्णनांत आपली माणसं येतात ती मात्र ‘आणि चाळीस भारतीय’ एवढ्या तीन शब्दांत. ४५ व्या भारतीय ब्रिगेडचे ते लोक, गढवाल, जाट आणि राजपुताना पलटणींतले. त्यांच्या नातवंडांपैकी कुणी तुझ्यासारखं विचारत बसलं असेल तर बरं.

काही सापडलं तर कळव. सापडलं नाही तरी कळव, कुठे कुठे शोधलंस ते छापू. पुढच्याचे हेलपाटे वाचतात.

प्रश्न: आमच्या गावी (सातारा जिल्हा) चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळातली संगमरवरी पाटी आहे. पहिल्या महायुद्धाला गावातून किती माणसं गेली आणि किती मेली, असं तीवर लिहिलंय. मुंबईकर मंडळाने यंदा यात्रेआधी ती घासून, अक्षरं ऑइल पेंटने काळी करायचं ठरवलंय. वर्गणी जमली आहे. सल्ला द्यावा. (एक वाचक, ऐरोली)

उत्तर: वर्गणी परत करा.

घासणं नको, तारेचा ब्रश नको, फरशी धुतात ते ॲसिड तर मुळीच नको. संगमरवर म्हणजे चुन्याचा दगड, ॲसिडने तो खाल्ला जातो आणि कोरीव अक्षरांच्या कडा बोथट होतात. एकदा गेलेली कड परत येत नाही. साधं पाणी आणि दात घासायचा मऊ ब्रश, बस. शेवाळ असेल तर पाणी मारून थोडं थांबा, मग बांबूच्या काडीने हलकेच काढा. लोखंडी काहीही लावू नका. भिंतीला ओल येत असेल तर पाटीला हात लावण्याआधी वरची कौलं आणि पन्हळ बघा. दुखणं बहुधा तिथे असतं.

अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून रंगवायची असतील, तर त्याची गरज नाही. अंधार पडल्यावर मोबाइलची बॅटरी पाटीच्या कडेला, दगडाला जवळजवळ टेकवून तिरपी धरा. खोदीव अक्षरांत सावली भरते आणि सगळं लख्ख वाचता येतं. तसा फोटो काढून मोठा छापा आणि चावडीत लावा. वर्गणीतले थोडे पैसे तिथे लागतील.

बाकीच्या पैशांतून एक काम करा. त्या पाटीवर आकडे आहेत, नावं नाहीत. गावच्या म्हाताऱ्यांकडून गेलेल्यांची नावं गोळा करा. तुमच्या बाजूची बरीच पोरं तेव्हा मराठा पलटणींत होती, आणि ११० वी आणि ११७ वी या दोन्ही पलटणी इराकमध्ये कूत इथे तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथली फौज शरण गेली, सुमारे १३,००० जण. त्यांना वाळवंटातून अनातोलियाच्या (आताच्या तुर्कस्तानच्या) बाजूला पायी हाकलत नेलं, हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. ‘बसऱ्याला गेला’ असं ज्या घरात अजून म्हणतात, त्या घरापासून सुरुवात करा.

रंगारी ठरलाच असेल तर त्याला शाळेचं कुंपण द्या.