स्नोमोबाइलला स्टड लावण्याआधी टनेलमध्ये वाकून बघा

स्टड म्हणजे बर्फावर पकडीसाठी ट्रॅकमध्ये (गाडीच्या फिरत्या रबरी पट्ट्यात) बसवायचे टोकदार खिळे. त्यांची खरेदी नंतर. आधी टनेलमध्ये, म्हणजे ट्रॅकवरच्या धातूच्या आवरणात, स्टडपासून वाचवणारे प्रोटेक्टर आहेत का ते पाहा. नसतील तर वेगात फुगलेल्या ट्रॅकचे स्टड थेट हीट एक्स्चेंजरला (कूलंट थंड करणाऱ्या भागाला) घासतात, भोक पडतं आणि कूलंट ट्रेलवर सांडतं. हा खर्च स्टडच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त.

स्टडची लांबी लगच्या (ट्रॅकवरच्या रबरी उंचवट्याच्या) उंचीवरून ठरते: टोक लगच्या वर पाव ते ३/८ इंच. त्याहून लांब स्टड वाकतात, रबर फाडतात. साध्या ट्रेलला ९६ पुरतात. मोठ्या इंजिनाला १४४. एका रेषेत एकामागे एक लावू नका, मागचा स्टड पुढच्याच्याच चरीत घसरतो. शक्यतो मधल्या पट्ट्यातच ठेवा. भोकं ट्रॅक-कटरनेच पाडा, साध्या ड्रिल बिटने रबराचे धागे उसवतात. स्टडचं डोकं ट्रॅकच्या आतून, बॅकर प्लेट (नटाखालची आधाराची चकती) आणि नट बाहेरून. प्लेट रबरात किंचित रुतली की थांबा. पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा आवळा.

आणि स्कीखाली चांगले कार्बाइड (बर्फात रुतणाऱ्या कठीण धारेच्या पट्ट्या) हवेतच. मागे पकड वाढली आणि पुढे नसली की वळणावर गाडी सरळच जाते.

मिनेसोटात डांबरी सार्वजनिक ट्रेलवर स्टडना बंदी आहे, हेही लक्षात असू द्या.