'कामुक थरारपट' म्हणावं का?

पुण्यातल्या एका फिल्म क्लबच्या पत्रकासाठी विचारणा आहे: इटालियन दिग्दर्शक लुचो फुल्चीच्या 'द डेव्हिल्स हनी'ला (१९८६) इंग्रजीतल्या 'डार्क इरॉटिक थ्रिलर'साठी 'कामुक थरारपट' म्हटलं तर चालेल का?

'थरारपट' चालेल. बोलपट, भयपट यांच्याच रांगेतला शब्द. अडचण 'कामुक'ची आहे. मराठीत माणूस कामुक असतो, फार तर त्याची नजर; इथे चित्रपटच कामातुर झाल्यासारखा वाटतो. 'शृंगारिक' म्हणाल तर लावणी आठवते. शिवाय 'साहित्यदर्पण' या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात भयानक आणि बीभत्स हे दोन्ही शृंगाराचे विरोधी रस मानलेत. 'अश्लील' हा प्रकार नव्हे, निकाल झाला. आणि 'कामपट' तर नकोच, हजेरीपटाचा भाऊ वाटेल.

माझं मत 'वासने'ला. संस्कृतात वासना म्हणजे अनुभव सरल्यावर मनात उरलेला संस्कार. मराठीत ती दोन टोकांना गेली. एकीकडे कामवासना, दुसरीकडे ओंकारेश्वराच्या घाटावर दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की कुणीतरी हळूच म्हणतं, "वासना राहिली असेल कशात तरी." भुतांच्या गोष्टीतली अतृप्त वासना ती हीच. एकाच शब्दात शरीरही आलं आणि भुताटकीही. 'झोंबी २' (१९७९), 'द बियाँड' (१९८१) अशा भयपटांमुळे डोक्यावर घेतलेला दिग्दर्शक या वाटेला वळतो, तेव्हा नेमकं हेच हवं. कथाही तशीच: शस्त्रक्रियेत प्रियकर दगावतो, प्रेयसी सर्जनला पळवून कोंडून ठेवते. मेलेल्याचं माहीत नाही, जिवंत राहिलेलीची वासना मात्र सुटत नाही.

आता छापताना. 'वासनाथरारपट' जिभेला झेपत नाही, म्हणून फोडून 'वासनेचा थरारपट' लिहा. तक्त्यात जागा कमी असेल तर 'थरारपट (वासनाप्रधान)'. 'वासनांध' टाळा, त्याच्यामागे लगेच 'नराधम' येतो आणि गुन्हेवृत्त सुरू होतं. 'डार्क'साठी 'काळा' नको, 'काळोखा' बरा. पण वासना आल्यावर त्याचीही गरज उरत नाही.

त्याच पत्रकात फुल्चीच्या आधीच्या जाल्लो चित्रपटांना 'पिवळे चित्रपट' म्हटलंय, ते मात्र आधी खोडा. 'जाल्लो' म्हणजे पिवळा हे खरं. १९२९पासून मोंदादोरी प्रकाशनाच्या रहस्यकथा पिवळ्या वेष्टनात निघत, त्यावरून ते नाव पडलं. पण आपल्याकडे पिवळी पुस्तकं म्हणजे फुटपाथवर लपवून विकायचा माल. 'जाल्लो'च ठेवा आणि कंसात 'इटालियन रहस्य-खूनपट' लिहा.