भाजल्याच्या जुन्या व्रणावरची जखम भरत नाही. कॅन्सर असू शकतो का? पाय कापावा लागेल का?

तुमच्या आई लहानपणी भाजल्या होत्या, गुडघ्यामागे व्रण आहे आणि त्यावरची जखम चार महिने मलमपट्टी करूनही भरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी प्लास्टिक सर्जन आहे, असे रुग्ण माझ्याकडे येतात. हो, कॅन्सर असू शकतो. आहे की नाही हे बायोप्सीच (जखमेचा तुकडा काढून केलेली तपासणी) सांगेल, ती लांबवू नका.

जुन्या व्रणात होणाऱ्या अशा कॅन्सरला मार्जोलिन अल्सर म्हणतात. मार्जोलिन या फ्रेंच सर्जनने १८२८ मध्ये व्रणावरच्या अशा जखमांचं वर्णन केलं. भाजल्यानंतर साधारण ३० वर्षांनी हा उद्भवतो, तोही बहुधा त्या वेळी कातडी न लावता जखम आपोआप भरू दिलेली असते तिथे. सांध्यावरचा व्रण ताणला जाऊन पुन्हा पुन्हा फुटतो, त्यामुळे धोका वाढतो. जखमेच्या कडा जाड, कडक, बाहेर वळलेल्या असतील, वास येत असेल, ड्रेसिंग काढताना रक्त येत असेल तर संशय पक्का धरायचा.

बायोप्सीत एकच तुकडा घेऊन ‘कॅन्सर नाही’ असा रिपोर्ट आला, तर तेवढ्यावर विसंबू नका. मधला भाग अनेकदा सडलेला असतो, तिथे नुसती सूजच दिसते. कडेचे दोन-तीन आणि मधलाही तुकडा घ्यायला सांगा.

आता पायाचं. बहुतेकदा कॅन्सरच्या चहूबाजूंनी निदान २ सेंमी वरवर चांगली दिसणारी कातडी आणि खाली स्नायूंवरच्या पडद्यापर्यंतचा भाग काढतात. तिथे मांडीची कातडी लावतात. गुडघ्यामागच्या नसा-रक्तवाहिन्या उघड्या पडल्या तर जाड फ्लॅप, म्हणजे खालच्या चरबीसकट रक्तपुरवठा असलेली कातडी, लागतो. काढलेल्या भागाच्या कडांना कॅन्सर नसल्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय फ्लॅप न लावणं मला योग्य वाटतं, कारण खाली कॅन्सर राहिला तर तो झाकला जातो. दोन ऑपरेशनं झाली तरी चालतील. पाय कापायची वेळ येते ती कॅन्सरने हाड, सांधा किंवा मुख्य रक्तवाहिनी धरली असेल तर. ते एमआरआयमध्ये कळतं.

जांघेत गाठ लागते का, हेही तपासून घ्या. साध्या कातडीच्या कॅन्सरपेक्षा हा तिकडे लवकर पसरतो. गाठ जंतुसंसर्गानेही येते, म्हणून सुईने तपासतात. ऑपरेशननंतर पहिली दोन वर्षं तरी दर तीन महिन्यांनी दाखवायला जा आणि प्रत्येक वेळी व्रणाबरोबर जांघही तपासायला सांगा.