पेशंटचा राग येतो, म्हणजे मी या कामाला नालायक आहे का?

हा प्रश्न माझ्याकडे नर्स घेऊन येतात, फिजिओथेरपिस्ट येतात, बालवाडीच्या बाईही येतात. दुसऱ्याची काळजी घेणं हेच ज्यांचं काम, त्यांना तो जास्त छळतो. गिऱ्हाइकाचा राग आला म्हणून एखादा दुकानदार समुपदेशकाकडे आल्याचं मला तरी आठवत नाही. इथे एका डेंटल हायजिनिस्टचा, म्हणजे दात-हिरड्यांची सफाई करणारीचा, अनुभव सांगते, तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

ती नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका दातांच्या दवाखान्यात काम करते. आल्या आल्या म्हणाली, "मॅडम, परवा मी एका आजींवर ओरडले. निफाडकडच्या होत्या. मशेरी सोडा म्हणून मागच्या वेळी एवढं समजावलं, तरी दात पुन्हा काळे. त्या काहीच बोलल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं आणि गेल्या. तेव्हापासून मला झोप नाही."

आजींचा विषय मी तिथेच थांबवला आणि त्या आधीचे दिवस कसे गेले, ते विचारलं. मग सातपूरच्या कंपनीतले एक गृहस्थ निघाले. दात साफ करून घेतल्यावर दोन दिवसांनी ते रिसेप्शनवर येऊन सगळ्यांसमोर ओरडले होते, "या बाईने माझे दात सैल केले!" डॉक्टर केबिनमध्ये होते. ते बाहेर आले नाहीत.

दात साफ केल्याने सैल होतात, ही समजूत तिला रोज ऐकावी लागते. खरं असं असतं, की कीटणातल्या, म्हणजे दातांवर साचून कडक झालेल्या थरातल्या, जंतूंमुळे हिरडी वर्षानुवर्षं सुजलेली असते, आतलं हाड झिजलेलं असतं आणि दात आधीच हलत असतो. कीटणाच्या थराने तो शेजारच्या दाताला जखडून ठेवलेला असतो एवढंच. थर निघाला की माणसाला हालचाल पहिल्यांदा जाणवते. हे तिला तोंडपाठ होतं, पण ते त्या दिवशी कोणी ऐकून घेतलं नाही. आजींवर निघालेला राग खरं तर त्या गृहस्थांवरचा आणि बंद केबिनवरचा होता, असं माझं मत आहे. तिला ते पटायला वेळ लागला.

शरीराचं तर तिने विचारल्याशिवाय सांगितलंच नसतं. रात्री उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायच्या, मान एका बाजूला धरलेली. कीटण काढायचा थरथरणारा स्केलर हातात घट्ट धरायचा आणि दाढांच्या मागचं दिसावं म्हणून तासन्‌तास वाकून बसायचं. या व्यवसायात मान, खांदे आणि मनगट दुखणं सर्रास आढळतं. त्यात दोन पेशंटच्या मध्ये पाणी प्यायलाही वेळ नाही. तिला आधी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दुखणाऱ्या माणसाला संयमाचे धडे देण्यात मला अर्थ वाटत नाही.

घरी तिची ओळख "दवाखान्यात मदतीला असते" अशी. पेशंट तिला सिस्टर म्हणतात आणि हिरडीतून रक्त आलं की "डॉक्टरांना बोलवा" म्हणतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, राज्य दंत परिषदेकडे नोंदणी, १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यापासून हायजिनिस्टची वेगळी व्याख्या, हे सगळं आहे, पण खुर्चीत बसलेल्या माणसाला ते कोण सांगणार? म्हणून ठरवलं की आधी तिनेच सांगायचं: "मी डेंटल हायजिनिस्ट. आज तुमच्या हिरडी आणि दातामधली फट किती खोल आहे ते मोजणार आहे. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, चार किंवा त्याच्या पुढे गेलं की दाखवते." आकडा ऐकला की माणसं कान देतात, असा तिचा अनुभव. रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावायचं सोडू नका, हेही ती आधीच सांगू लागली, म्हणजे घरी गेल्यावर घाबरगुंडी नको.

आता मशेरी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनावर काम करताना बोलण्याची एक पद्धत मांडली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती वाढवली. त्यातला एक भाग आम्ही घेतला. आधी विचारायचं, मग परवानगी घेऊन एकच गोष्ट सांगायची, मग पुन्हा विचारायचं की तुम्हाला काय वाटतं. माणसाला "सोडा" म्हटलं की तो न सोडण्याची कारणं सांगायला लागतो, आणि स्वतःच्याच तोंडून ती ऐकून त्याला ती जास्त पटतात.

तिने हे दिवसाला एकाच पेशंटवर करून पाहायचं होतं. पहिल्या काही दिवसांत एका बाईंना विचारलं, "मशेरीचा तुम्हाला काय उपयोग होतो?" उत्तर आलं, "ताई, लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही." आजवर ती तोंडाच्या कॅन्सरबद्दल बोलत होती आणि समोरच्या बाईला चिंता होती पोटाची! मग भाजलेल्या तंबाखूतलं निकोटीन आतड्यांना कशी सवय लावतं, यावर दोघी बोलल्या. त्या बाईंनी मशेरी सोडली का, ते माहीत नाही. दिवसातून चारदा लावायच्या, त्याची दोनदा करून बघते म्हणाल्या.

पेशंट पुढच्या तारखेला येत नाहीत, हाही तिला अपमान वाटायचा. मी अपॉइंटमेंटची वही आणायला सांगितली. दिंडोरी-निफाडकडची माणसं चुकली होती ती बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन द्राक्षकाढणीत. एप्रिलमध्ये लगेच खरड छाटणी. त्या दिवसांत बागायतदाराच्या घरात दाताकडे कोण बघणार? वहीवर बोट ठेवून ती पहिल्यांदा हसली.

असाच राग तुम्हालाही येत असेल, तर आधी झोप, दुखणी आणि कामाचे तास तपासा. स्वभावाचं नंतर बघू. मात्र आठवडेच्या आठवडे कामावर जायच्या विचाराने रडू येत असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर वाट पाहू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

तिच्या डॉक्टरांनी दोन पेशंटमध्ये दहा मिनिटं मोकळी ठेवायला होकार दिला, पण फक्त दुपारनंतर. शनिवारी ती अजूनही चिडते. आजी परत आलेल्या नाहीत. त्यांना फोन करायचा का, यावर आमचं अजून ठरलेलं नाही. मध्यंतरी नाशिक रोडच्या एका दवाखान्यात ती मुलाखतीला जाऊन आली. पगार इथल्यापेक्षा थोडा कमी आहे, एका पेशंटला पाऊण तास मिळतो. ती विचार करते आहे.